फी माफ, तरी एक लाख तीस हजार: परभणी जिल्ह्यातल्या एका घराचा हिशेब

"सर, सरकारनं पोरींची फी माफ केली म्हणले ना? मंग हे साडेपासष्ट हजार कशाचे मागायलेत?"

२०२४ चा ऑगस्ट, पोळा दोन आठवड्यांवर. विचारणारे एका माजी विद्यार्थिनीचे वडील. मी सेलूला बारावीला गणित शिकवतो, पण जुलै ते सप्टेंबर गणितापेक्षा प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्मच जास्त सोडवतो. गृहस्थ जिंतूर तालुक्यातले, चार एकर कोरडवाहू. हातात बियाण्याच्या कंपनीची पिशवी, तिच्यात सातबारा, उत्पन्नाचा दाखला, अलॉटमेंट लेटर आणि रुमालात बांधलेले तीस हजार रुपये. हे तीस हजार आले कुठून, ते त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

त्या घराचा सव्वा वर्षाचा हिशेब इथे मांडतोय. घरच्यांना विचारूनच. नावं, गाव, कॉलेज, बँक मुद्दाम सांगत नाही. आकडे मुलीच्या आईच्या वहीतले आहेत. त्या सातवी शिकलेल्या, घरी शिवणकाम करतात आणि बचत गटाच्या सचिव आहेत. लिहून ठेवायची सवय गटामुळे लागलेली. ही वही नसती तर हे प्रकरण लिहिताच आलं नसतं, कारण वडिलांचा सगळा हिशेब तोंडी, आणि तोंडी हिशेबात व्याज नेहमी कमीच सांगितलं जातं.

माफ काय झालं

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. मुख्य अट, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. आधी हीच माफी निम्मी होती, मुलांना अजूनही निम्मीच आहे. मुलगी ओबीसी. जात पडताळणी अकरावीतच करून ठेवलेली, त्यामुळे कागदाची अडचण नव्हती. संभाजीनगर आणि नांदेडच्या सरकारी आणि अनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची यादी तिच्या पर्सेंटाइलच्या बरीच वर बंद झाली. शेवटी संभाजीनगरच्या एका खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. गावातल्याच दुसऱ्या एका मुलीनं घाईघाईनं मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली होती. ती कॅपमधली नाही, म्हणून तिला यातलं काहीच मिळालं नाही.

कॉलेजचं शिक्षण शुल्क ९४,००० रुपये. ते माफ. पण "शिक्षण शुल्क" हा फी-पावतीवरचा एक रकाना आहे, सगळी पावती नव्हे. विकास शुल्क १२,०००. अनामत, विमा, ओळखपत्र, जिमखाना आणि "विविध" मिळून ६,५००. कॉलेजच्या बाहेर पडलं की खोली, तीन मुलींत मिळून, महिना २,८००. डबा २,९००. खोलीचं डिपॉझिट ५,०००. लॅपटॉप ३८,०००. प्रवास, रिचार्ज, जर्नल, ड्रॉइंगचं सामान असं वर्षाचं बारा हजार. महिलांना एसटीत २०२३ पासून अर्धं तिकीट आहे म्हणून हा आकडा बारावर थांबला. दहा महिने धरून वहीतली बेरीज १,३०,५०० रुपये.

एवढं मोफत शिक्षण.

काउंटरवर मागितलेल्या साडेपासष्टात साडेअठरा हजार वरचे खरे होते. उरलेले ४७,००० म्हणजे माफ झालेल्या फीचा निम्मा भाग, "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" या बोलीवर. हे नियमात बसत नाही; अशा मुलींकडून फी आधी वसूल करू नका, असं शासनानं कॉलेजांना बजावलेलंही आहे. दुसऱ्या दिवशी शासन निर्णयाची प्रिंट घेऊन मी वडिलांबरोबर संभाजीनगरला गेलो. क्लार्कनं भांडण केलं नाही. म्हणाला, "सर, जीआर आमच्याकडं पण आहे. सरकारचे पैसे वर्षानं येतात, आमचा पगार महिन्याला असतो." त्याची बाजू खोटी नव्हती, फक्त ती या माणसाच्या रुमालातून भागवायची नव्हती. तासाभरानं हमीपत्रावर भागलं: शिष्यवृत्तीचा पैसा खात्यात आला की सात दिवसांत कॉलेजला भरीन. शिक्षण शुल्क शून्य, बाकीचे साडेअठरा हजार भरले.

आडतीवरची उचल

परत येताना रेल्वेत, परतूर गेल्यावर कुठेतरी, वडील बोलले. तीस हजार आडत्याकडून, म्हणजे बाजारात शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाकडून, उचललेले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आडत्या उचल देतो तेव्हा व्याज लावत नाही. कागदही नसतो. माल मात्र त्याच्याच आडतीवर घालायचा, काढणीबरोबर, तो म्हणेल त्या दिवशी. शेतकऱ्याला हे उपकार वाटतात आणि काही अंशी ते आहेतही. ऑगस्टमध्ये, पीक फुलोऱ्यात आणि खिसा रिकामा असताना, दुसरं कोण दारात उभं करतं?

त्या वर्षी ऐन पोळ्याच्या तोंडावर, १ आणि २ सप्टेंबरला, परभणी-हिंगोली-नांदेड पट्ट्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला. तीन एकर सोयाबीन पाण्यात गेलं, जे वाचलं त्याचे तेरा क्विंटल झाले. केंद्राचा हमीभाव होता ४,८९२ रुपये. आडतीवर भाव लागला ४,०५०. क्विंटलमागे ८४२ रुपये कमी, तेरा क्विंटलला १०,९४६. सगळा दोष उचलीचा नाही, कारण हमीभाव केंद्रावर तेव्हा बारा टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता आणि हा माल ओला होता. पण नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ही मर्यादा पंधरा टक्क्यांवर नेली. माल घरात थांबला असता तर वाळला असता, रांगेत लागला असता. तो थांबू शकला नाही, कारण तीस हजार आधीच घेतलेले होते. "बिनव्याजी" उचलीचा अडीच महिन्यांचा खर्च जवळजवळ अकरा हजार पडला. गावातला सावकार तीन रुपये शेकड्यानं यापेक्षा कितीतरी स्वस्त पडला असता, आणि हे मी सावकाराचं कौतुक म्हणून लिहीत नाहीये.

सोयाबीनचे एकूण ५२,६५० आले. आडत्यानं ३०,००० कापले. काढणी-मळणीचे १०,०००, कृषी सेवा केंद्राची उधारी ११,०००. दिवाळीला घरात आले १,६५० रुपये. वहीत या आकड्याखाली दोन रेघा आहेत.

तोवर मुलीचं कसं चाललं? उचलीचे तीस हजार आणि घरातले अकरा हजार. त्या अकरा हजारांत लाडक्या बहिणीचे जुलै-ऑगस्टचे मिळून आलेले तीन हजार होते, बाकी शिवणकामाचे. कॉलेज, डिपॉझिट आणि पहिला महिना गेल्यावर ११,८०० उरले. त्यात खोली-डब्याचे दोन महिने बसले. नोव्हेंबरअखेर शिल्लक चारशे. लॅपटॉप चाकणच्या मामानं स्वतःच्या कार्डावर हप्त्यानं घेऊन दिला. "भाचीचा आहे, हिशेब नको," असं तो म्हणाला. बहिणीनं तरी वहीत मांडला आहे: ३,४०० गुणिले बारा.

फी माफ, मग कर्ज कशाला

शैक्षणिक कर्जाचा विषय मी ऑगस्टमध्येच काढला होता. विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज केला, कागद घेऊन गावाच्या शाखेत पाठवलं. तिथे पहिलाच प्रश्न आला: "फी माफ आहे, मग कर्ज कशाला पाहिजे?"

हा गैरसमज बँकेत टेबलापलीकडेही आढळतो, म्हणून सांगतो. शैक्षणिक कर्जात वसतिगृह, जेवण, पुस्तकं, संगणक, प्रवास हे सगळं बसतं. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, जामीनदार लागत नाही, पदरचा हिस्साही घालावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार होतात, तेवढं पुरतं. हप्ता सुरू होतो शिक्षण संपल्यावर वर्षानं. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल आणि कॉलेज नॅक किंवा एनबीएचं मानांकन असलेलं असेल, तर तोवरचं व्याज भरण्याची केंद्राची योजना आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याची गंमत तर वेगळीच. यांचा दाखला ४८,००० रुपयांचा. मराठवाड्यात दाखल्यावर फार थोड्या शेतकऱ्यांचं उत्पन्न साठ हजारांच्या वर जातं, तलाठी विचारतो, "किती टाकू?" आणि आपण शिष्यवृत्तीकडे बघून आकडा सांगतो. शाखाधिकाऱ्यानं तोच दाखला उचलून विचारलं, "वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांवर तीन लाख फेडणार कोण?" फेडणार मुलगी, तिच्या पगारातून, कर्जाची कल्पनाच ती आहे. पण वडिलांना ते पटवून देता आलं नाही.

खरी अडचण मात्र दुसरी निघाली. वडिलांचं पीककर्ज थकीत होतं.

एक लाख चाळीस हजारांचं कर्ज, वर्षानुवर्षं नेमानं नवं-जुनं केलेलं. शेतकरी घरात हा शब्द लहान पोरालाही माहीत असतो: जुनं भरायचं, लगेच नवं उचलायचं. वेळेत केलं तर तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. २०२४ ला त्यांनी नवं-जुनं केलं नाही. निवडणुकीचं वर्ष, माफी होणार अशी हवा, आणि २०१९ च्या महात्मा फुले कर्जमुक्तीत थकबाकीदारांचे दोन लाखांपर्यंत माफ झाले तेव्हा नियमित भरणारे हे गृहस्थ बघत बसले होते, तो सल मनात. "त्या टायमाला भरून येडा ठरलो, सर. आता नाही भरणार." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण बँकेच्या स्क्रीनवर सल दिसत नाही. सहकर्जदार थकबाकीदार, अर्ज बाजूला.

सप्टेंबर, ऑक्टोबर तसेच गेले. २० नोव्हेंबरला मतदान झालं, जाहीरनाम्यात कर्जमाफी होती, गाव खुशीत. वहीत चारशे रुपये. त्या आठवड्यात नवरा-बायकोत काय झालं ते मला अर्धंच कळलं. बाईंनी म्हणे एवढंच विचारलं, "माफी कवा हुईल त्याची तारीख सांगा. खोलीवालीची तारीख पाच हाय."

नवं-जुनं करायला व्याजासह एक लाख चोपन्न हजार लागणार होते, तेही चार-दोन दिवसांसाठीच. बाईंनी दोन तोळ्यांचं गंठण बँकेत ठेवलं आणि त्यावर साठ हजार घेतले. जास्त मिळत होते, घेतले नाहीत. मामानं पन्नास पाठवले. उरले चव्वेचाळीस. प्रत्येक बाजारपेठेच्या गावात असतो तसा नवं-जुन्याला पैसे फिरवणारा एक जण आहे, त्यानं दिले, दोन दिवसांचे हजार रुपये ठरवून. सोमवारी जुनं भरलं. बुधवारी नवं मिळायचं ते शाखेत माणूस नाही, सर्व्हर नाही, सर्च रिपोर्ट जुना, असं करत पुढच्या मंगळवारी मिळालं. हजाराचे तीन हजार झाले. ते आठ दिवस वडील जेवले नाहीत असं मुलगी सांगते. वडील म्हणतात, जेवलो, पण गोड लागलं नाही.

नव्या १,४०,००० मधून मामाचे पन्नास आणि फिरवणाऱ्याचे सत्तेचाळीस गेले. हातात राहिले त्रेचाळीस हजार. खोली-डबा सुरू राहिला. सिबिलवरचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरचा, डाग निघायला महिना-दीड महिना लागला. जानेवारी २०२५ मध्ये कर्ज मंजूर झालं, चार वर्षांसाठी तीन लाख, मुलगी म्हणून व्याजात अर्धा टक्का सवलत. पहिला हप्ता फेब्रुवारीत आला. शिक्षण संपल्यावर दहा वर्षांच्या मुदतीला महिना चार हजारांच्या आसपास हप्ता बसेल.

आणि मार्चच्या शेवटी तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनीच जाहीर भाषणात सांगितलं, ३१ तारखेच्या आत पीककर्ज भरा. वडिलांनी मला मोबाइलवर ती बातमी पाठवली, वर-खाली काही न लिहिता.

सिमकार्डाबरोबर उघडलेलं खातं

शिष्यवृत्तीचा फॉर्म महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, वेळेत भरला होता. कॉलेजच्या लॉगिनला तो महिनाभर पडून राहिला, पुढे सरकला, मग शांतता. ऑगस्ट २०२५ उजाडला. दुसऱ्या वर्षाचा प्रवेश घ्यायला मुलगी गेली तर कॉलेजनं हमीपत्र काढलं: "तुमचा पहिला हप्ता जूनमध्येच जमा झालाय. पोर्टलवर दिसतोय. भरा."

बँकेच्या पासबुकात काही नाही. शाखेत विचारलं, काही नाही. दोन दिवस घरात रडारड, कुणी म्हणालं पैसे चोरले, कुणी म्हणालं सायबर. मी मुलीला फोनवर आधारच्या संकेतस्थळावर जायला सांगितलं, तिथे तुमच्या आधारला कोणतं बँक खातं जोडलंय ते ओटीपी टाकून बघता येतं. तिनं बघितलं आणि गप्प झाली. बँकेचं नाव वेगळंच होतं.

पहिल्या वर्षी संभाजीनगरात नवं सिमकार्ड घेताना दुकानदारानं मशीनवर दोनदा अंगठा लावून घेतला होता. दुसरा अंगठा पेमेंट बँकेच्या खात्याचा. सरकारी पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. सत्तेचाळीस हजार रुपये दोन महिने तिच्याच नावावर, तिच्याच अंगठ्यावर, तिला ठाऊक नसलेल्या खात्यात पडून होते. त्या दोन महिन्यांत घरानं गटाकडून दोन रुपये शेकड्यानं वीस हजार उचलले होते, दुसऱ्या वर्षाच्या विकास शुल्कासाठी. ते सत्तेचाळीस शिक्षण शुल्काचे होते, कॉलेजलाच जायचे होते, त्यामुळे त्यातून घराला सुटका नव्हतीच. पण प्रवेश आठ दिवस अडकला नसता.

आता मी अकरावीच्या पहिल्या आठवड्यातच पोरांना आधारचं खातं तपासायला लावतो. वर्गात चाळीस मुलं असतील तर पाच-सहा जणांची तोंडं तरी पडतात.

ओबीसी मुलांसाठी राहण्या-जेवणाचा भत्ता देणारी सावित्रीबाई फुले आधार योजनाही आहे. तिनं अर्ज केला, पहिल्या वर्षी निवड झाली नाही. जिल्ह्याला जागा मोजक्या असतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा केलाय.

आजचा आकडा

सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन पुन्हा गेलं, या वेळी जवळजवळ सगळंच. तरी त्या सप्टेंबरात आडत्याकडे कोणी गेलं नाही, कारण कर्जाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता आला होता. मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. २०२४ आणि २०२५ च्या घरच्या कमाईत फारसा फरक नाही, उलट २०२५ वाईट. पण पहिल्या वर्षी कॉलेजची तारीख ऑगस्टची, शेताची ऑक्टोबरची आणि सरकारची पुढच्या जूनची होती, आणि मधल्या प्रत्येक फटीत कुणीतरी टक्का घेऊन बसला होता. वहीतून मी तो टक्का वेगळा काढला: उचलीपायी गेलेले सुमारे अकरा हजार, नवं-जुन्याचे तीन हजार, थकलेल्या पीककर्जावर भरलेलं व्याज चौदा हजार, लॅपटॉपच्या हप्त्यांतले दोन हजार आठशे. गंठणावरचं वर्षाचं व्याज आणखी पाच-साडेपाच. छत्तीस हजार. म्हणजे सहा महिन्यांच्या खोली-डब्याहून जास्त.

मागच्या तुरीचे चार क्विंटल फेब्रुवारीत ७,१०० नं गेले, त्यातून गंठणाचे वीस हजार फेडले. चाळीस बाकी आहेत. बाई लग्नकार्यात गळ्यात काळी पोत घालून जातात आणि कुणी विचारलं तर "पॉलिशला दिलंय" म्हणतात. वर्षभर पॉलिश चाललंय.

धाकटा मुलगा आता बारावीला माझ्याच वर्गात आहे. त्याला निम्मीच माफी मिळणार, आणि चुकून त्याच कॉलेजात गेला तर सत्तेचाळीस हजार शिक्षण शुल्काचेच भरावे लागतील. दिवाळीनंतर बाई शाळेत आल्या होत्या. वहीत नवं पान काढलेलं, वर पोराचं नाव, खाली दोन रकाने, डावीकडे तारीख आणि उजवीकडे रुपये. उजवा रकाना रिकामा होता. डावीकडे मला विचारून त्यांनी तीन नोंदी केल्या: मार्चच्या आत पीककर्जाचं नवं-जुनं, एप्रिलमध्ये कर्जाच्या कागदांसाठी शाखेत, आणि सर्वांत वर, याच आठवड्यात, आधारचं खातं.